मजुरीचे 14 हजार वाचवायला एक लाखाचं कर्ज?

साताऱ्याहून एका वाचकाने विचारलंय. वय 27, हातात पगार 46,000, सगळा खर्च गाडीच्या 7,800 च्या हप्त्यासकट 31,000, एसआयपी 5,000, एफडी 70,000. गाडी 2019 ची सेकंडहँड स्विफ्ट व्हीएक्सआय, तिचं कर्ज अजून 2 लाख 40 हजार बाकी. आता तिला 16 इंची अलॉय चाकं आणि टायर (48,000), स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा (17,000), स्पीकर-अॅम्प-वूफर (28,000), जास्त वॅटचे हेडलाइट आणि फॉग (12,000) आणि ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं (20,000), करायचंय. रीमॅप सोडला तर बाकी सगळं स्वतः मित्रासोबत बसवणार, त्यात मजुरीचे 14,000 वाचतील, आणि पैसे कमी पडतात म्हणून 1 लाखाचं पर्सनल लोन 15 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेऊ का, असा प्रश्न आहे.

दादा, आधी लोनचंच बघू. 1 लाखाला 15 टक्के म्हणजे हप्ता साधारण 3,467, तीन वर्षांत व्याजच 24,800 च्या आसपास. म्हणजे 14,000 वाचवायला निघालात आणि त्यासाठी पावणेपंचवीस हजार मोजणार. लोन नको, हे माझं स्पष्ट मत. एफडीलाही हात लावू नका, तुमच्या खर्चाच्या हिशेबाने ती जेमतेम सव्वादोन महिने पुरेल, आणि नोकरीत काही झालं तर गाडीचा हप्ता त्याच पैशातून भरायचाय.

गाडीची हौस चुकीची आहे असं मी अजिबात म्हणत नाही, स्वतःच्या हाताने बसवलेल्या गोष्टीचा आनंद खरंच वेगळा असतो. मी स्वतः जुन्या गाडीत स्टिरिओ बसवला होता, घाईत सेटची पिवळी (कायम करंटची) आणि लाल (चावीवर चालणारी) वायर एकत्र पिळून कायम करंट असलेल्या वायरला जोडली आणि वरून नुसती इन्सुलेशन टेप. चावी काढली तरी सेट बंद व्हायचाच नाही, मी नुसता आवाज बारीक करून ठेवायचो, तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली, आणि उन्हाने टेपचा गोंद सुटून जोड उघडा पडलेला. तो जोड बॉडीला टेकला असता तर काय, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून मल्टीमीटर, चांगला क्रिम्पिंगचा पाना (वायरचा जोड दाबून पक्का करणारा), हीट श्रिंक (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी), पॅनल काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हे आधी घ्या, अडीच-तीन हजार जातील, आणि वाचणाऱ्या मजुरीतून ते वजा करा. क्लिपा तुटणार तेही धरा. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, एअरबॅगचे असतात. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

आता सगळ्यात महागडी गोष्ट, इन्शुरन्स. समजा हेडलाइटला 100/90 चे बल्ब लावलेत, म्हणजे हाय बीम (लांबचा प्रकाश) 100 वॅट आणि लो बीम (जवळचा) 90 वॅट. मूळ 55 वॅटचे दोन लो बीम मिळून साधारण 9 अँपिअर ओढतात, 90 चे दोन 15 च्या घरात जातात, आणि होल्डर-वायरिंग त्यासाठी केलेलंच नसतं. रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) आणि जाड वायरचा जुडगा टाकला तरी होल्डर आणि रिफ्लेक्टरला उष्णता लागतेच. उद्या वायरिंग जळालं आणि सर्व्हेअरला कापलेली वायर दिसली, मॉडिफिकेशन कंपनीला कळवलेलं नव्हतं, तर क्लेम अडकू शकतो. गाडी गेली तरी बँकेचे 2 लाख 40 हजार तुमच्याच डोक्यावर. त्यामुळे हेडलाइट रद्द.

रीमॅपही रद्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे 5,000 दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. रीमॅपने ताकद आणि धूर दोन्ही बदलतात, आणि पुढे इंजिनला काही झालं तर खर्च सगळा तुमचा.

अलॉय थांबवा, पण कायमचे नाही. टायरच्या बाजूला चार आकडे बघा, 2319 असेल तर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. तुमचे टायर मूळचेच असतील तर तसेही बदलायला आलेत, तो खर्च चुकणार नाहीच. त्या वेळी 16 च्या मागे न लागता 15 इंची घ्या, कंपनी स्वतः झेडएक्सआयला 185/65 आर15 देते, तुमच्या 165/80 आर14 पेक्षा व्यास जेमतेम 2 मिलिमीटरने जास्त, स्पीडोमीटर बिघडत नाही.

अॅम्प-वूफर सोडले तर राहिलं स्क्रीन-कॅमेरा आणि दारातले साधे स्पीकर, मिळून 24,000 धरा. एसआयपी जाऊन तुमच्या हातात महिन्याला 10,000 उरतात, त्यातून अडीच महिन्यांत रोख जमतं. वायर न कापता कपलरवर (गाडीच्या मूळ प्लगवर) बसणारा माल घ्या, स्पीकरची खोली काच पूर्ण खाली करून मोजा नाहीतर काच मॅग्नेटला घासते, कॅमेऱ्याची वायर डिकीच्या रबरी नळीतूनच ओढा, वेळ लागतो पण दाबून नेली की सहा महिन्यांत तुटते. अॅक्सेसरीज पॉलिसीत लिहून घ्या, इलेक्ट्रिकल वस्तूंना किमतीच्या साधारण 4 टक्के जास्त प्रीमियम, म्हणजे 24,000 ला 960 आणि वर जीएसटी. काढलेला ओरिजिनल सेट माळ्यावर जपून ठेवा, गाडी विकताना या खर्चाचे पैसे क्वचितच मिळतात, तेव्हा तो परत बसवून तुमचा माल वेगळा विकता येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) आहे की नुसती थर्ड पार्टी? सेकंडहँड घेताना बरेच जण हे बघतच नाहीत. थर्ड पार्टीच असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नाही, आणि मग पहिले 10,000 स्क्रीनला नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीकडे जातील.