सह्याद्रीचा कातळ विषुववृत्ताच्या दक्षिणेचा, हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा आहे की, सह्याद्रीचा बेसाल्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला तयार झाला हे दगडातल्या चुंबकत्वावरून सांगतात खरे, पण भूखंड जागच्या जागी राहून चुंबकीय ध्रुवच सरकला असेल तर? शंका रास्त आहे. 1950च्या दशकात याच शंकेवर बराच वाद झाला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा तो 1100 अंश सेल्सियसच्या आसपास असतो आणि त्या उष्णतेत चुंबकत्व टिकत नाही. थर निवत 580 अंशांच्या खाली आला की (टायटॅनियम मिसळलेले असल्यास त्याहूनही खाली) मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि ती कोट्यवधी वर्षे टिकू शकते. या दिशेचा उत्तरेशी होणारा कोन आपल्याला चटकन सुचतो, पण अक्षांश सांगतो तो क्षितिजाशी होणारा कोन, म्हणजे नती. मोकळी टांगलेली चुंबकसूई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी होते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, तर दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. नतीचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो, एवढेच सूत्र पुरते.

महाबळेश्वरच्या 18 अंश उत्तर अक्षांशाला या हिशेबाने सूई सुमारे 33 अंश खाली झुकायला हवी. तिथल्या वरच्या थरांतली दिशा मात्र 45 ते 50 अंश वर उचललेली आणि उत्तरेपासून सुमारे 25 अंश पश्चिमेला वळलेली सापडते. म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ही जागा 27 ते 31 अंश दक्षिणेला होती; त्यानंतर ती जवळपास 5,000 किलोमीटर उत्तरेला आली आणि येताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरली. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या खडकांवरचे काम 1956 मध्ये प्रसिद्ध केले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह दख्खनवरच ते पुढे नेले.

इथे एक चकवा आहे. घाटातले खालचे बहुतेक थर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटे असताना, म्हणजे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झालेली असताना, निवले आहेत, त्यामुळे त्यांत दिशा दक्षिण-आग्नेयेकडे आणि खाली झुकलेली मिळते. नुसते ‘खाली’ पाहणारा त्या थरांना उत्तर गोलार्धात नेऊन बसवेल. दोन्ही कोन एकत्र पाहिले तर खालची आणि वरची दिशा जवळपास 180 अंशांनी विरुद्ध आहे हे कळते, आणि नंतर चढलेले चुंबकत्व धुऊन निघाले आहे याची खात्रीही त्यातूनच मिळते.

आता ध्रुवाचे. दख्खनच्या नमुन्यांवरून ध्रुव काढला तर तो आजच्या नकाशावर अमेरिकेच्या पूर्व भागात, सुमारे 37 अंश उत्तरेला येतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या त्याच सुमाराच्या खडकांवरून काढलेले ध्रुव आजच्या ध्रुवाच्या बरेच जवळ पडतात. नुसता ध्रुव सरकला असता तर सगळ्या खंडांनी एकच जागा दाखवली असती. एका वेळी पृथ्वीला इतके उत्तर ध्रुव असणे शक्य नाही, तेव्हा खंडच एकमेकांच्या संदर्भात हलले असले पाहिजेत.

नमुना घेणे मात्र वाटते तितके सोपे नाही. हिऱ्याच्या पात्याच्या ड्रिलने जेमतेम इंचभर जाडीची कांडी काढतात, पण ती सुटण्याआधी तिची दिशा नोंदवावी लागते. कातळाच्या चुंबकत्वाने होकायंत्र भरकटू शकते, म्हणून सूर्याची सावली आणि घड्याळावरून दिशा ताडून पाहतात. उघड्या शिखरांवर वीज पडून मूळ चुंबकत्व बिघडलेले असते. तिथले नमुने टाळलेलेच बरे. एकाच थरावरही विसंबू नये, कारण तो त्या क्षणाचेच क्षेत्र नोंदवतो आणि क्षेत्र शतकाशतकाला डुलत असते.

राहिले रेखांश. नतीवरून ते मुळीच कळत नाहीत, कारण एकाच अक्षांशावर भूखंड पूर्व-पश्चिम कुठेही सरकवला तरी कोन तोच राहतो. भारत पूर्व-पश्चिम कुठे होता यासाठी हिंदी महासागराच्या तळावरचे सुलट-उलट चुंबकीय पट्टे मोजावे लागतात.