स्फिग्मोमॅनोमीटर म्हणताना जोर कुठे?

इथे इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय: नर्सिंगचं पहिलं वर्ष, तोंडी परीक्षा तोंडावर, आणि बीपी मोजायच्या यंत्राचं इंग्रजी नाव काही केल्या जिभेवर बसत नाही. सिलेबल किती, आघात कुठे?

सिलेबल सहा: स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर. मुख्य आघात ‘नॉ’वर, ‘स्फिग्’वर हलकासा. बाकीचे चार भरभर उरकायचे.

आपण अडतो ते शेवटाला. थर्मामीटरच्या चालीवर ‘मॅनोमीटर’ म्हणतो, ‘मॅ’ ठसठशीत आणि ‘मी’ दीर्घ. इंग्रजीत मात्र थर्मॉमिटर, बरॉमिटर, स्पीडॉमिटर अशा यंत्रांच्या नावांत जोर शेवटून तिसऱ्या सिलेबलवर येतो आणि ‘मि’ ऱ्हस्व होतो. सेंटिमीटर, मिलिमीटर ही एककं. तिथे जोर पहिल्यावर, ‘मी’ दीर्घच. किलोमीटरवरून खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही, त्यात आपण पडू नये.

आता अवयव. ग्रीक स्फिग्मॉस म्हणजे नाडी, मॅनॉस म्हणजे विरळ, मेट्रॉन म्हणजे माप. मागचे दोन मिळून झालं वायूचा किंवा द्रवाचा दाब मोजणारं यंत्र. मग नाडी कशाला? रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांची १८९६ची रीत बघा: दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरत जायची आणि मनगटावरची नाडी बोटाला लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत रशियन डॉक्टर कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. ‘अस्फिक्सिया’ (गुदमरणं) हा शब्दही याच कुळातला, मुळात अर्थ नाडी थांबणं.

तुम्ही बहुतेक याच अवयवांवर तोडून शब्द पाठ केलाय, म्हणून ‘मॅनो’ आणि ‘मीटर’ दोन वेगळे शब्द ऐकू येतात. ते जोडकाम म्हणताना विसरा.

अजून एक. आपल्याकडे हिंदीत ‘इस्कूल’ ऐकून कान तयार झालेला असतो, त्यामुळे ‘इस्फिग्मो’ निघतं आणि सिलेबल सात होतात. स्फूर्ती, स्फटिक आपण मराठीत नीट म्हणतो की! सुरुवात तशीच करा, फक्त ‘फ’ इंग्रजीतला, दात ओठाला टेकवून.

सराव शेवटाकडून करा: नॉमिटर, मनॉमिटर, मोमनॉमिटर, मग पूर्ण. परीक्षकांसमोर एवढं पुरे. वॉर्डात मात्र ‘बीपी ॲपरेटस’च मागा, सिस्टरना घाई असते.