वहीतल्या तारखांच्या आधी

"माझं नेमकं काय चुकलं?" गर्भपातानंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या मनात हाच प्रश्न असतो. ३८ वर्षांच्या एक बाई पतीसह आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). नवव्या आठवड्यात गर्भपात झाला होता आणि गर्भाच्या तपासणीत १६ क्रमांकाची गुणसूत्रे (पेशीतली आनुवंशिक माहिती वाहणारे धागे) दोनऐवजी तीन आढळली होती. अहवालासोबत त्यांनी एक वही आणली होती. तीत गरोदरपणातला प्रत्येक दिवस नोंदलेला होता, आणि जिने चढल्याच्या, जागरणाच्या, प्रवासाच्या नोंदींखाली लाल पेनाने रेघा ओढलेल्या होत्या.

वही मी शेवटपर्यंत वाचली, कारण त्याशिवाय दिलेला धीर त्यांना पटला नसता. मग म्हणाले, "ही चूक यांतल्या कोणत्याही दिवशी झालेली नाही. ती बहुधा गर्भ राहण्याआधीच, बीजांडात झाली."

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बीजांड किंवा शुक्राणू घडताना अर्धगुणसूत्री विभाजन होते: गुणसूत्रांची प्रत एकदाच निघते, पेशी मात्र दोनदा विभागते, आणि पहिल्या फेरीत जोडीदार एकमेकांपासून वेगळे होतात. पुरुषांत हे काम वयात आल्यापासून सतत नव्याने चालते. स्त्रीच्या बीजपेशी मात्र ती स्वतः आईच्या पोटात असतानाच हे विभाजन सुरू करतात, अर्ध्यावर थांबतात आणि थेट बीजमोचनाच्या, म्हणजे बीजांड बाहेर पडण्याच्या, सुमारास पुढे सरकतात. म्हणजे या बाईंच्या बीजांडातल्या जोड्या जवळपास ३८ वर्षे एकमेकींना धरून होत्या. त्यांना बांधून ठेवणारी प्रथिने इतक्या काळात सैल पडतात, आणि मग एखादी जोडी नीट न सुटता तशीच बीजांडात राहून जाते; त्यात शुक्राणूतले एक मिळाले की तीन होतात. १६ क्रमांकाच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

"म्हणजे दोष माझाच," त्या हळूच म्हणाल्या.

हा क्षण मला दर वेळी जड जातो, कारण खरे तर सांगायचे असते आणि ते जिव्हारी लागूही द्यायचे नसते. "बीजांड तुमचे होते," मी म्हणाले, "पण जिना चढल्याने ती जोडी अडकत नाही आणि आराम केल्याने सुटत नाही. तिथवर कोणाचाच हात पोहोचत नाही."

पुन्हा असे होईल का, हे पतींनी विचारले. वयाबरोबर शक्यता वाढते, हे मी लपवले नाही. मात्र सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा असा दोष आढळतो, आणि प्रत्येक बीजांडाचे विभाजन स्वतंत्र असते, हेही सांगितले. पुढच्या खेपेस करता येणाऱ्या तपासण्या थोडक्यात समजावल्या.

निघताना बाईंनी विचारले, "पुढच्या वेळी जिने चढले तर चालेल?"

"डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर खुशाल चढा."