जपानमधली शिक्षकाची नोकरी संपत आलीय. शेवटच्या उन्हाळ्यात कुठे फिरावं आणि एवढे निरोप कसे निभवावेत?

तुम्ही लिहिलंय की जुलैअखेर करार संपतोय, हाताशी सहा आठवडे आहेत, जो तो ‘जायच्या आधी एकदा कुठेतरी जाऊ’ म्हणतोय आणि निरोपाच्या नुसत्या कल्पनेनं पोटात गोळा येतोय. मी २०१९ च्या उन्हाळ्यात अगदी याच अवस्थेत होते. शिकोकू बेटावरचा कागावा प्रांत, जपानमधला सगळ्यात लहान. तिथल्या दोन प्राथमिक शाळांत मी तीन वर्षं जेट योजनेतून, म्हणजे परदेशी शिक्षक आणणाऱ्या जपानी सरकारच्या योजनेतून, सहायक इंग्रजी शिक्षिका होते. मूळची गुहागरची.

फिरण्याचं आधी सांगते, कारण माझ्या चुका तिथेच झाल्या. सहा आठवड्यांत अख्खा जपान उरकायचा असं मी ठरवलं होतं. फुजी, होक्काइदो, क्योतोचा गिओन उत्सव, सगळं वहीत लिहून काढलेलं. पहिल्याच रविवारी शाळेतल्या पीटीच्या सरांबरोबर कोम्पिराला, डोंगरावरच्या देवस्थानाला, गेले. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या, वरच्या देवळापर्यंत १३६८. खालच्या दुकानांत बांबूची काठी भाड्यानं मिळते, ती मी ऐटीत नको म्हटली. पावसाळ्यातली ती दमट हवा कोकणातल्या माणसालाही सोसवत नाही. ७८५ वर जी बसले ती बसलेच. सर वर जाऊन परत आले तरी मी त्याच बाकावर. समोर सानुकीचं (हे कागावाचं जुनं नाव) मैदान आणि मधोमध एक सुबक त्रिकोणी डोंगर. त्याला ‘सानुकी फुजी’ म्हणतात, उंची ४२२ मीटर. खरा फुजी ३७७६. माझा फुजी तिथेच बघून झाला, हे सरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की बाजूची माणसं वळून बघायला लागली. वहीतली यादी त्या रात्रीच खोडली.

तेव्हा माझं ऐकाल तर लांबचे बेत सोडा. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्यांच्यासोबत तासाभराच्या अंतरावरच्या जागी जा. अपवाद एकच, ‘सेइशुन जूहाचि’ हे रेल्वेचं स्वस्त तिकीट. आमच्या वेळी ११,८५० येनमध्ये पाच दिवस, किंवा पाच जणांना मिळून एक दिवस चालायचं. आम्ही पाच जणी सुट्टी लागताच पहाटेच्या पॅसेंजरने निघून समुद्राकाठच्या शिमोनादा स्टेशनवर गेलो. अर्धा दिवस जाण्यात, जवळपास तेवढाच येण्यात, आणि तिथे करायचं काय, तर फलाटावर बसून समुद्र बघायचा. २०२४ च्या हिवाळ्यापासून नियम बदललेत, तिकीट एकाच माणसाला आणि सलग दिवसांसाठीच चालतं, त्यामुळे आमच्यासारखी वाटणी आता जमणार नाही.

माझ्या मनात राहिलेली सहल मात्र ओगिजिमा या लहानशा बेटाची. ताकामात्सु या कागावाच्या मुख्य शहराच्या धक्क्यावरून लाल-पांढरी ‘मेओन’ फेरी निघते, मेगिजिमाला थांबते आणि चाळीस मिनिटांत ओगिजिमाला लागते. १९ जुलैला सेतोउची समुद्रातल्या बेटांवरचा कलामहोत्सव पुन्हा सुरू होणार होता आणि मग बेटावर पाय ठेवायला जागा उरली नसती, म्हणून त्याआधीचा शनिवार धरला. शाळेची नर्स, ग्रंथालयातल्या बाई, माझ्यासारखीच परत निघालेली आयर्लंडची एक शिक्षिका आणि मी. पाऊस भुरभुरत होता. गाव डोंगराच्या उतारावर चिकटलेलं, गल्ल्या इतक्या चढाच्या की गाडी जाऊच शकत नाही. म्हाताऱ्या बायका सामान वाहायला ‘ओन्बा’ नावाची चाकांची ढकलगाडी वापरतात, आपल्याकडच्या बाबागाडीसारखी दिसते. मुलं नाहीत म्हणून बंद पडलेली इथली शाळा २०१४ साली परत उघडली, कारण मुलंबाळं असलेली काही कुटुंबं बेटावर राहायला आली. हे ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं आणि शाळेच्या फाटकापाशी आम्ही चौघी शिक्षणखात्यातल्या बायका उगाचच बराच वेळ उभ्या राहिलो.

बेटाच्या टोकाला १८९५ चं दीपगृह आहे, ग्रॅनिटचं, रंग न दिलेलं. त्याच्या आडोशाला बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ले. नर्सबाईंनी बर्फाच्या डब्यातून चार ओले रुमाल काढले, प्रत्येकीच्या मानेवर एकेक ठेवला. दिवसभरात निरोपाचा शब्द कुणी काढला नाही. मला वाटलं होतं रडारड होईल. झाल्या त्या गप्पा उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, रश्शावर, तो इरिकोशिवाय होऊ शकतो का यावर. (होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. इरिको म्हणजे सुकी बारीक मासळी. शाकाहारी असाल तर कागावात तुमचे हाल आहेत.)

परतीची फेरी सुटली तेव्हा ओन्बा घेतलेली एक आजी धक्क्यावर उभी राहून हात हलवायला लागली. आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीची नव्हती. बोट वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात चालूच. याला ‘मिओकुरी’ म्हणतात, नजरेआड होईपर्यंत पोचवणं. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीवर मी लहानाची मोठी झाले. तिथे माणूस चढला की पोचवायला आलेला पाठ फिरवून चालू पडतो.

आता शाळेचं. जपानी शिक्षकांच्या बदल्या एप्रिलला होतात, त्यामुळे निरोपांचा खरा हंगाम मार्चचा. आपण मधेच जुलैत निघतो, म्हणून आपली ‘सोबेत्सुकाइ’, म्हणजे निरोपाची मेजवानी, बहुधा सत्र संपल्याच्या पार्टीतच उरकते. तुम्ही पाहुणे, पैसे द्यायला लागणार नाहीत, पण भाषण करावं लागेल. पाच ओळी लिहून पाठ करा आणि शेवटी ‘ओसेवा नि नारिमाशिता’ म्हणा. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, असा अर्थ. विनोद करायला जाऊ नका. मी गेले, कुणाला कळला नाही.

स्टाफरूमला खाऊ द्यायचा तो एकेक वेगळा बांधलेला हवा, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येतो. मी आईकडून बाकरवडी मागवली आणि रात्री दीड वाजेपर्यंत छोट्या पुड्या बांधत बसले. उपमुख्याध्यापकांनी एक तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी ‘ओइशी’, छान लागतं, म्हणाले.

सत्रसमाप्तीच्या दिवशी व्यायामशाळेत मुलं गुडघे कवटाळून जमिनीवर बसतात. पंखे गरगरत असतात, घाम थांबत नाही. मला ‘शिकिशी’ मिळाली, चौकोनी पुठ्ठा, मधे माझं नाव आणि भोवती सूर्याच्या किरणांसारखे मुलांचे निरोप. पाचवीतल्या एकानं लिहिलं होतं, ‘कढी म्हणजे पिवळं मिसो सूप, हे विसरणार नाही.’ ते मीच कधीतरी सांगितलं असणार.

मोठी माणसं ‘सायोनारा’ सहसा म्हणत नाहीत. ‘माता ने’ (पुन्हा भेटू), ‘ओगेन्कि दे’ (तब्येत सांभाळा) असं काही म्हणतात. प्राथमिक शाळेत मात्र रोज घरी जाताना सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘सेन्सेइ सायोनारा, मिनासान सायोनारा!’ त्या दिवशीही ओरडले, रोजच्याइतक्याच जोरात, आणि दप्तरं हलवत पळाले. मी भाषणात नीट उभी होते. इथे फळ्याकडे तोंड करून पुसलेलाच फळा पुन्हा पुसत बसले.

या गडबडीत नगरपालिकेत बाहेर जात असल्याची नोंद करा, आणि पेन्शनची रक्कम परत मिळवण्याचा अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, हे कुठेतरी लिहून ठेवा. भेटींमध्ये कपबश्या भरपूर येतात. माझं एक खोकं जहाजाच्या टपालानं पाठवलं, ते घरी पोचलं तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला.

शेजारच्या आजींचा निरोप मी शेवटच्या सकाळसाठी ठेवला होता. पाच ओळी पाठ, हातात मिठाईचा डबा. त्या नेहमीसारख्या अंगणातल्या असागाओच्या (मॉर्निंग ग्लोरीच्या) वेलांना पाणी घालत होत्या. तीन वर्षं रोज सकाळी शाळेत जाताना मी त्यांना ‘इत्ते किमास’ म्हणायचे, म्हणजे शब्दशः आपलं ‘जाऊन येते’. आपल्याकडेही ‘जाते’ म्हटलं की आजी ओरडायची. त्या सकाळी पाठ केलेलं सगळं घशात अडकलं आणि सवयीनं तेच तोंडातून निघालं.

‘इत्तेराश्शाइ,’ त्या म्हणाल्या, जाऊन या. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, एक हात वर आणि दुसऱ्या हातातल्या नळीचं पाणी रस्त्यावर वाहत होतं. मिठाईचा डबा माझ्या मांडीवरच राहिला होता.