भांग, बीपी आणि उठताना आलेली भोवळ

तुमच्या मामांचं वाचलं. होळीला भांगेची थंडाई घेतली, दोन तासांनी उठायला गेले आणि डोळ्यापुढे अंधारी येऊन खाली बसले. बीपी एरवी गोळी घेऊनही १४० च्या आसपास असतं, ते तेव्हा १०० भरलं. त्यावरून घरात निघालेला निष्कर्ष असा की भांगेने बीपी उतरतं, मग गोळी कशाला? आधी उत्तर देतो: गोळी बंद करू नका. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे कारणं जरा सविस्तर सांगतो.

भांगेतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, चेतापेशींवरच्या सीबी१ नावाच्या ग्राहीवर (रासायनिक निरोप पकडणाऱ्या जागेवर) काम करतं. हा ग्राही शरीराने भांगेसाठी ठेवलेला नाही. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलम यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून आनंदामाइड वेगळं काढलं, आणि मेंदू या ग्राहीसाठी स्वतःच रसायन बनवतो हे कळलं. या रसायनांची तऱ्हा वेगळी आहे. एरवी निरोप पहिल्या पेशीकडून दुसरीकडे जातो. इथे दुसरी पेशी गरजेपुरतं कॅनाबिनॉइड (आनंदामाइड किंवा टीएचसीसारखं, या ग्राहीवर काम करणारं रसायन) तयार करते, ते उलट दिशेने पहिलीकडे जातं आणि "आता पुरे" असं सांगतं. पहिल्या पेशीच्या टोकावरचा सीबी१ जागा झाला की तिथून सुटणारं रसायन कमी होतं. म्हणजे कॅनाबिनॉइड थेट बीपी चढवत किंवा उतरवत नाही, ते कुणाला तरी गप्प करतं. कुणाला, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आता रक्तदाबाची वाट बघू. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे चेतातंतू असतात. दाब वाढला की ते लंबमज्जेतल्या (मेंदूच्या तळाच्या भागातल्या) एका केंद्राला खबर देतात, त्याला एनटीएस म्हणतात. एनटीएस मग त्याच लंबमज्जेच्या पुढच्या बाजूला असलेल्या आरव्हीएलएम या केंद्राला आवरतं. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अनुकंपी चेतांना चालना देणारं केंद्र ते हेच.

या दोन्ही ठिकाणी गॅबा नावाचं शांत करणारं रसायन सुटतं आणि दोन्हीकडे सीबी१ आहे. एनटीएसमध्ये गॅबा कमी झालं की ते केंद्र जास्त जोमाने काम करतं आणि दाब उतरतो. उंदरांच्या एनटीएसमध्ये आनंदामाइड सोडलं तेव्हा दाब आवरणारी प्रतिक्रिया जास्त वेळ टिकलेली दिसली. आरव्हीएलएममध्ये मात्र गॅबा हाच लगाम आहे. तो सैल पडला की अनुकंपी चेता उसळतात. तिथे सीबी१ चेतवणारं औषध टोचल्यावर उंदरांचा दाब चढला. एकच ग्राही, क्रिया तीच, मध्ये काही मिलिमीटरचं अंतर, आणि परिणाम उलटा! मला स्वतःला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटते ती ही गोष्ट. थंडाईचा पेला पोटात गेल्यावर टीएचसी रक्तातून या सगळ्या ठिकाणी एकदमच पोचतं, शिवाय हृदयात आणि रक्तवाहिन्यांतही.

म्हणून माणसात सरळ आकडा येत नाही. नाडी वाढते, बसल्या-झोपल्या बीपी किंचित वर जाऊ शकतं, आणि उभं राहिल्यावर धाडकन पडतं. उभं राहताना अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. ते सावरायला वाहिन्या लगेच आवळाव्या लागतात आणि टीएचसीमुळे नेमकं तेच नीट होत नाही. वर बीपीची गोळी असेल तर आणखी कठीण. मामांच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. त्याला बीपी बरं होणं म्हणत नाहीत.

कॅनाबिनॉइडचा उपचार म्हणून विचार झालाच नाही असं नाही. जॉर्ज कुनोस या संशोधकाच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की जन्मतः उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांत आनंदामाइडचं विघटन रोखलं तर दाब खाली येतो, निरोगी उंदरांत फारसा फरक पडत नाही. त्यातला मोठा वाटा मेंदूचा नव्हे, हृदयाचा होता. पण हे शरीराचं स्वतःचं रसायन जपणं झालं. भांगेत टीएचसी किती हे कुणी मोजलेलं नसतं, आणि नियमित घेतल्यास काही दिवसांत शरीराला सवय होते. उलट बाजूचा अनुभवही आहे. सीबी१ अडवणारी रिमोनाबँट ही वजन उतरवण्याची गोळी युरोपात २००६ मध्ये आली आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबवावी लागली. मेंदूभर पसरलेल्या ग्राहीला हात लावला की फक्त बीपीच हलेल, असं होत नाही.

आता घरी एक करा. भांग न घेतलेल्या दिवशी मामांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा, शेजारी कुणीतरी उभं राहा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर भोवळीला भांगेशिवायही कारण आहे. हे आकडे डॉक्टरांना दाखवा आणि भांगेचं लपवू नका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही उठताना बीपी पडतं. आणि छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.