पोलीस पारदर्शकतेचा डेटा: आधी गाळलेले नंबर शोधा

तुमचा प्रश्न असा आहे: इंटर्नशिपच्या दोन महिन्यांत महाराष्ट्रातल्या पोलीस घटकांची (जिल्हा पोलीस दलं आणि आयुक्तालयं) पारदर्शकता मोजायची आहे, तर सुरुवात कुठून करावी, आणि आरटीआय टाकला तर पोलिसांकडून त्रास होईल का? मी या कामात बरीच वर्षं आहे, मुलांकडून ते करूनही घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक इंटर्न पहिल्याच आठवड्यात एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे) तक्ते उतरवायला बसतात, कारण ते आयते मिळतात. पण गुन्हे किती झाले हा तुमचा विषयच नाही. जे उघड करणं पोलिसांवर बंधनकारक आहे ते त्यांनी केलं का, एवढंच तुम्हाला तपासायचं आहे. त्यासाठी एफआयआरइतकी चांगली जागा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला, की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची. जिथे इंटरनेटची अडचण आहे तिथे ४८ तास, फार तर ७२. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळता येतात, पण ते ठरवणारा पोलीस अधिकारी उपअधीक्षक दर्जाच्या खालचा नको. राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख निवडली की प्रसिद्ध केलेल्या एफआयआर दिसतात.

आता खरी गंमत. प्रत्येक ठाण्याचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे एफआयआरचा क्रमांक) दरवर्षी एकपासून सुरू होतो आणि ओळीने चढत जातो. यादीत ४१, ४२ आणि एकदम ४५ दिसला, तर मधले दोन नंबर बाहेर आलेले नाहीत हे तुम्हाला घरबसल्या कळतं. कुणाची परवानगी नको, अर्ज नको. मात्र गाळलेला नंबर म्हणजे दडवलेला गुन्हा, असं लगेच लिहू नका. तो कायदेशीर वगळलेलाही असेल. त्या ठाण्याला आरटीआयमध्ये विचारा: अमुक महिन्यात एकूण किती एफआयआर नोंदवल्या, संवेदनशील म्हणून किती वगळल्या, आणि तो निर्णय कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतला. त्यांचा आकडा आणि तुमचे गाळलेले नंबर जुळले नाहीत, तर तो तुमचा निष्कर्ष. मला विचाराल तर छत्तीस जिल्ह्यांची वरवरची तुलना करण्यापेक्षा पाच-सहा ठाणी निवडून रोज एका ठरलेल्या वेळी यादी पाहा. २४ तासांची मुदत पाळली का, हे रोज पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. फार मागच्या वर्षांत शिरू नका. जुन्या कागदांवर नंबराआधी रोमन आकडे दिसतात, म्हणजे भागवार वेगळ्या मालिका, आणि तिथे हा हिशेब कोलमडतो.

दुसरी तपासणी अटकेची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहे, डिजिटल पद्धतीनेही. त्यासाठी ठाण्यात जाऊन फलक पाहावा लागतो. संस्थेचं पत्र जवळ ठेवा, ठाणे अंमलदाराला सांगा आणि मगच नोंद करा. दोषारोपपत्रांच्या मागे लागू नका. ती संकेतस्थळावर टाकण्याची मागणी न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

मागच्या वर्षांशी तुलना करायचीच असेल तर हद्दी बघा. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं झालं, मीरा-भाईंदर, वसई-विरार २०२० मध्ये. त्यानंतर पुण्याचे किंवा ठाणे ग्रामीणचे आकडे घसरले, तर गुन्हेगार सुधारले असं नव्हे. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे कलमंच बदलली आहेत.

आरटीआय मराठीत लिहा, १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय; शब्दांचं आणि विषयाचं हे बंधन राज्याच्या नियमांत आहे. शुल्क दहा रुपये. ‘का’ विचारू नका, संख्या आणि कागद मागा. अर्ज पहिल्याच आठवड्यात गेले पाहिजेत, कारण उत्तराची मुदत ३० दिवस आहे आणि दुसरं अपील (माहिती आयोगाकडचं) तुमच्या इंटर्नशिपमध्ये काही निकाली निघत नाही. ‘तपासाला बाधा येईल’ असं सांगून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) खाली नकार आला, तर त्यांच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा: एकूण संख्या सांगितल्याने कोणता तपास अडतो, हे त्यांनी दाखवायला हवं. आणि तक्त्यात ‘शून्य’, ‘नकार’, ‘उत्तर नाही’ आणि ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ यांना चार वेगळे संकेत द्या. रिकामा रकाना शून्य धरला, की सगळ्यात गप्प बसलेलं ठाणं सगळ्यात स्वच्छ दिसतं. असे अहवाल मी छापलेले पाहिलेत.

त्रासाचं म्हणाल, तर फार करून ‘ही माहिती कशाला हवी?’ असा फोन येतो. त्याच कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, हे शांतपणे सांगा. अर्ज स्वतःच्या नावाने करा, कारण हा हक्क नागरिकाचा आहे, पण पत्ता घराचा न देता संस्थेचा द्या.

एफआयआरमध्ये फिर्यादीचं नाव, पत्ता, कधी फोन नंबरही असतो. तक्त्यात ठाणं, नंबर, कलमं आणि दोन तारखा (नोंदीची आणि तुम्हाला दिसल्याची) एवढंच ठेवा. बलात्काराच्या प्रकरणातली एफआयआर चुकून प्रसिद्ध झालेली दिसली, तर उतरवून घेऊ नका, कुणाला पाठवूही नका. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. तुमच्या मार्गदर्शकांना सांगा आणि त्या घटकाच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना त्याच दिवशी लेखी कळवा.