२६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझ बुडालं, मग कुलाबा कसं वाचलं?

ढग उपनगरांवरच ठाण मांडून बसले, म्हणून. वादळी ढग पुढे सरकत राहिले तर पाऊस वाटला जातो. त्यांना ढकलणारा वारा मंदावला की ते एकाच जागी रिते होतात, आणि समुद्रावरची दमट हवा त्यांना पुन्हा भरत राहते. हवामान खात्याच्या नोंदीत त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस आहे, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७४! पण सगळं खापर ढगांवर फोडू नका. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी धरून. त्या दुपारी नेमकी मोठी भरती होती, त्यामुळे मिठी नदीचं पाणी समुद्रात शिरेना, उलट कुर्ला-कलिन्याच्या घरांत शिरलं.